तेरा सालची रेघ

माझ्या सासऱ्यांचं नाव बाळाराम, पण गावात त्यांना उघाडीवाले म्हणूनच ओळखतात. भिवंडीजवळच्या वळ आणि पूर्णा या गावांमधल्या गोदामांच्या रांगा मागे टाकून खाडीकडे उतरलं की आमचं गाव लागतं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. त्या बांधात एका ठिकाणी दोन दगडी भिंतींच्या मधे लाकडी दारं बसवलेली आहेत. तीच उघाडी. भरती आली की खाडीचं पाणी दारं लोटून बंद करतं आणि ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तीच दारं ढकलून बाहेर पडतं. दारात एखादी फांदी अडकली किंवा फळी फुगली तरी सगळा कारभार बिघडतो, म्हणून तिथं माणूस लागतो. आधी बाबांचे वडील होते. ते गेल्यापासून, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, बाबा आहेत.

मी भिवंडी शहरात लूमच्या खडखडाटात वाढले. पाणी म्हणजे माझ्या लेखी नळाला दिवसाआड येणारी वस्तू. लग्न होऊन आले तेव्हा बाबांचं एक मला कळायचं नाही. पावसाळ्यात अवसेला किंवा पुनवेला दुपारचं ताट वाढलेलं असायचं आणि ते डोक्यावर प्लास्टिक घेऊन निघायचे. गावात भातशेती जवळजवळ उरलेलीच नव्हती. मग हे राखायचं काय?

एकदा मी मोबाइलवर भरतीची वेळ काढून ठेवली आणि त्यांना विचारलं, "बाबा, आज भरती संपून पाणी किती वाजता फिरेल?"

त्यांनी दारातूनच आभाळाकडे पाहिलं. "दोनाला फिरंल. पन वारा हाय, जरा रेंगाळंल."

मोबाइल म्हणत होता एक सत्तेचाळीस. मी मुद्दाम छत्री घेऊन त्यांच्यामागे बांधावर गेले. पाणी फिरलं दोन वाजून दहा मिनिटांनी. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पुन्हा कधी त्यांची परीक्षा घेतली नाही.

त्याच दिवशी मी भिंतीवरच्या रेघा पहिल्यांदा पाहिल्या. उघाडीच्या खाडीकडच्या भिंतीवर त्या त्या वर्षीच्या सगळ्यात उंच भरतीची रेघ होती. आतल्या, गावाकडच्या भिंतीवर, दारं बंद असताना आत सगळ्यात वर चढलेल्या पाण्याची. अडुसष्ट साली माझ्या आजेसासऱ्यांनी सुरुवात केली. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून आकडा एकही नाही. वर्षाला एक रेघ, बोटभर लांब, छिन्नीने कोरलेली. पुढच्या वर्षीची तिच्या उजवीकडे दोन बोटं सोडून, पाणी असेल तेवढ्या उंचीवर. लांबून पाहिलं तर दगडावरून मुंग्यांची रांग चढ-उतार करत चालल्यासारखी वाटते.

"कशासाठी करता?" मी विचारलं.

"बाप करायचा," बाबा म्हणाले. एवढंच.

गेल्या वर्षी, पाऊस सरता सरता, मेघाली आमच्या दारात आली. डोक्याला रुमाल, खांद्यावर तिपाई, पायात चिखलाने भरलेले गमबूट. ती दिघाशी गावची, शेतकऱ्याची मुलगी, इंजिनिअर झालेली. खाडीकाठच्या गावांवर पडणारं पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं आणि माणसाने त्याच्या वाटेत काय काय करून ठेवलंय, याची पाहणी एक संस्था करत होती. ती त्यांच्याकडे कामाला होती. तिने प्यायला पाणी मागितलं. पाणी पिता पिता विचारलं, "वहिनी, इथं पूर्वी पाणी किती चढायचं ते सांगणारं कुणी जुनं माणूस आहे का?"

मी तिला उघाडीवर घेऊन गेले.

ओहोटी होती. मेघाली आतल्या बाजूच्या पायऱ्या उतरून भिंतीसमोर उभी राहिली. मग खिशातून खडू काढून ती डावीकडून एकेक रेघ मोजत निघाली. बाबा बांधावर उकिडवे बसून पाहत होते.

"काका, ही बहात्तरची का?"

"हां. दुस्काळ. पानी फारसं चढलंच न्हाय."

"आणि ही सगळ्यात वरची? पाच सालची?"

"त्या साली पानी माझ्या डोक्यावरनं गेलं. दुसऱ्या दिवशी चिखलाची खून बघून रेग मारली."

मेघालीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "वहिनी, अशा नोंदी मिळाव्यात म्हणून आम्ही दोन वर्षं कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतोय. आम्हाला मिळाल्या सात वर्षांच्या, त्याही तुटक. इथं सत्तावन्न वर्षं दगडात आहेत. आणि आत-बाहेर दोन्हीकडे! या दोन भिंतींमुळे काय झालंय कळतंय का तुम्हाला?"

मला कळत नव्हतं. तिने समजावलं. बाहेरच्या रेघा सत्तावन्न वर्षांत हळूहळू चार बोटं वर सरकल्या होत्या. ती खाडीची, समुद्राची चढण. आतल्या रेघा मात्र पहिली पस्तीस-चाळीस वर्षं एका वितीच्या आतच खाली-वर होत होत्या. पाच साली एकदम उसळल्या आणि पुढच्या वर्षी परत जागेवर आल्या. पण नंतर एका ठिकाणापासून त्या जिन्यासारख्या चढत गेल्या होत्या आणि पुन्हा खाली उतरल्याच नव्हत्या.

"समुद्र एवढा चढला नाही," ती म्हणाली. "पाऊसही एवढा वाढलेला नाही, त्याचे आकडे आहेत माझ्याकडे. मग आतलं पाणी एवढं का चढलं? दारं बंद असतात तेव्हा पाण्याला बसायला जागा लागते. ती भातखाचरं होती. ती जागा गेली."

बोलता बोलता तिचा खडू थांबला. जिना जिथून सुरू होतो, बरोबर तिथं दोन रेघांच्या मध्ये एक जागा मोकळी होती.

"काका, इथं एक वर्ष सुटलंय."

बाबा खाडीतल्या तिवरांच्या झाडांकडे बघत म्हणाले, "छिन्नी हरवली व्हती त्या साली."

मेघालीने वहीत काहीतरी लिहिलं आणि विषय सोडला. मला सोडता आला नाही. बाहेरच्या भिंतीवर त्या वर्षीची रेघ होती. म्हणजे छिन्नी हरवलेली नव्हती. मी बोटांवर वर्षं मोजली. ते तेरा साल होतं. आमच्या लग्नाचं साल. त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने, देवेशने, आमच्या खाचरांवर डोंगरातला मुरूम आणून भराव घातला, गोदाम उभं केलं, आणि डिसेंबरात त्याच नव्या गोदामाच्या अंगणात आमचा मांडव पडला.

ऑक्टोबरात मेघालीने सगळा नाला वरपासून खालपर्यंत चालत जायचं ठरवलं. ती बाबांनाही चला म्हणाली. बाबा हसले. "मी खालचा मानूस. मला वर कशाला नेतंस, बाय?" आयुष्यभर ज्या पाण्याला दार उघडून दिलं, त्याचं मूळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते तयार झाले. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून मीही बरोबर गेले.

सात किलोमीटर वर एक टेकडी आहे. तिथपर्यंत जीपने गेलो, पुढे पायवाट. उंबराच्या झाडाखाली एक काळा खडक होता आणि त्याच्या फटीतून करंगळीएवढी पाण्याची धार येत होती. आवाजही नव्हता तिला.

"हे," मेघाली म्हणाली.

बाबांना खरं वाटेना. "हेच? आपलं पानी?"

"हेच, काका. अशा बऱ्याच धारा, वरून पाऊस, आणि ही उतरती जमीन. सगळं गोळा होऊन तुमच्या दारात येतं."

त्यांनी ओंजळ धरली, चव घेतली. "गोडं हाय," म्हणाले, जणू दुसरं काही असेल अशी त्यांना भीती होती. मग विचारलं, "मोठ्या पावसात हितनं माझ्याकडं यायला किती येळ?"

"चार तास. साडेचार."

ते मनात काहीतरी जुळवत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मी दुपारी दारात हुबा असतो, तवा जे पानी माझ्या फुडं येतं, ते हितं सकाळी न्ह्यारीला पडून गेलेलं असतं. मी येवढी वर्सं त्याला आजचंच समजत व्हतो."

मेघाली आम्हाला थोडं वर, टेकडीच्या धारेवर घेऊन गेली. पलीकडे दुसरी दरी, दुसरी गावं. ती म्हणाली, "या बाजूला पडलेला थेंब तुमच्याकडे येतो. त्या बाजूला पडलेला दुसऱ्या नदीला जातो. तुमच्याशी त्याची पुन्हा गाठ नाही."

बाबांनी चपला काढल्या. एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून ते त्या धारेवर उभे राहिले. वारा होता, धोतर फडफडत होतं. बहात्तर वर्षांचा माणूस, पण चेहरा असा, की मी नजर वळवली. दुसऱ्याच्या देवघरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं मला.

मग उतरायला लागलो. वरच्या गावात भात पिवळं झालं होतं आणि नाला बैलगाडी जाईल एवढा रुंद, तळचे दगड दिसणारा. पाण्यात बोटभर मासे होते. मग रस्ता आला, रस्त्याखालची मोरी प्लास्टिकने गच्च. मग एका रंगाईच्या कारखान्याचा पाइप. त्यातून जांभळं, कोमट पाणी पडत होतं. बाबांनी त्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट धोतराला पुसलं. चव घेतली नाही. पुढे गोदामं सुरू झाली. नाला कुठं भिंतीखालून जात होता, कुठं पाइपात शिरत होता. मेघाली प्रत्येक पाइपाचा व्यास मोजून यंत्रात भरत होती. जसजसं खाली यावं तसतसं पाणी वाढत होतं आणि नाला अरुंद होत होता. हे उलट आहे, एवढं मलासुद्धा दिसत होतं.

दुपारी आम्ही आमच्या गावाजवळच्या पाड्यावर पोचलो. अकरा घरं, मजुरी करणारी माणसं. गुणाबाई आमच्याच गोदामात झाडलोट करतात, त्यांनी ओट्यावर बसवून कोरा चहा केला. चहा ओतताना मेघालीचं लक्ष भिंतीकडे गेलं. खिडकीच्या चौकटीच्या खाली, चुन्याच्या आतून तपकिरी पट्टे दिसत होते, सगळ्यात खालचा ठळक, घरभर एका पातळीत.

"हे पाण्याचं आहे का?"

"ह्यो खालचा तेरा सालचा," गुणाबाई म्हणाल्या. "कितीदा चुना लावला तरी भाईर येतोय बगा. त्याच्या आदी घरात पानी कदी आलंच न्हवतं, पाच सालचं सोडून. त्या दिवशी सासूला खाटंसकट उचलून डोकीवर नेली चौघांनी. दोन बकऱ्या गेल्या. तवापासून दर सालचंच झालंय. कदी यवढंच, कदी याच्यावर." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस कधी सुरू झाला ते सांगावं तशा सांगत होत्या.

बाबांनी कप हातात घेतला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

पाड्यापासून दोनशे पावलांवर आमच्या गोदामाची मागची भिंत आहे. नाला तिथं येऊन भिंतीला आपटतो, काटकोनात वळतो आणि दोन फुटांच्या सिमेंटच्या गटारात शिरतो. त्या अंगणात मी अकरा वर्षं रोज ये-जा केली होती. भिंतीच्या या बाजूला मी कधी आलेच नव्हते.

"हितं नाला बारा हात रुंद व्हता," बाबा म्हणाले. "आन् ही सगळी आपली खाचरं. भरतीला पानी यात बसायचं." मग मेघालीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "सूनबाय, घरी चल."

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. तेरा सालच्या जुलैत ते आतल्या भिंतीजवळ छातीएवढ्या पाण्यात उभे होते, हातात छिन्नी. पाऊस काही फार नव्हता. पण पाणी अशा जागी होतं, जिथं पाच सालाखेरीज कधी आलं नव्हतं. "बगितलं आन् समाजलं मला. पानी कुटनं उटून हितं आलंय ते. छिन्नी लावली, पन ठोका मारवंना. ती रेग मारली असती तं देवेशच्या नावानं मारल्यासारकी झाली असती."

"मग पुढच्या वर्षी कशी मारलीत?"

"फुडच्या साली आनिक दोगांनी भराव केला. मंग सगळंच वर ग्येलं. कोनाचं किती, ते लपून ग्येलं त्यात." मग म्हणाले, "नुसती जागा सोडली. बुजवली न्हाय."

नोव्हेंबरात मेघालीच्या संस्थेने उघाडीवर बैठक घेतली. दुपार, ओहोटी, बांधावर पंचवीस-तीस माणसं. पाड्यावरचे लोक एका बाजूला, गोदामवाले दुसऱ्या बाजूला. देवेश होता. त्याचं दुसरं गोदाम डिसेंबरात सुरू व्हायचं होतं, उरलेल्या तीन एकरांवर भरावाचे डंपर ठरले होते. मेघालीने भिंतीवरच्या रेघा दाखवत सगळं सांगितलं.

शेजारच्या गोदामाचे मालक भूपेश उठले. माणूस वाईट नाही, पण स्पष्ट बोलणारा. "मॅडम, समुद्र सगळ्या जगात चढतोय. टीव्हीवर रोज सांगतात. त्याचं खापर आमच्या भरावावर का फोडता? आणि ज्या वर्षापासून चढलं म्हणता, त्याच वर्षीची रेघ नाही तुमच्याकडे."

मेघाली उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच बाबा उठले. पायऱ्या उतरून आतल्या चिखलात गेले. कमरेच्या टॉवेलातून हातोडी आणि छिन्नी काढली. मोकळ्या जागेसमोर उभे राहिले, डावा तळवा दगडावर टेकवला आणि हळूहळू वर सरकवत नेला. छातीच्या वर, खांद्याच्या खाली एका जागी हात थांबला. जरा खाली आला. पुन्हा किंचित वर. डोळे मिटलेले होते. मग त्यांनी छिन्नी लावली.

ठण. ठण. ठण. दगडाची पूड त्यांच्या हातावर पडत होती. बोटभर रेघेला किती ठोके लागतात ते मला त्या दिवशी कळलं.

ते वळले. "ही तेरा सालची. माझ्या पोराच्या भरावाची. छिन्नी हरवली न्हवती, मी खोटं बोललो." मग पाड्यावरच्या लोकांकडे पाहून म्हणाले, "गुणाबाय, तुज्या घरात पानी आलं त्या दिवशी मी हितं हुबा व्हतो. मला कळलं व्हतं. मी गप रायलो."

गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. देवेश खाली मान घालून उभा होता.

भूपेशच बोलले, आणि त्यांचं बोलणं रास्त होतं. "काका, तुमचा मान आहे. पण अकरा वर्षांनी, डोळे मिटून मारलेली रेघ. ती बरोबरच आहे कशावरून?"

"मोजू या," मेघाली म्हणाली.

थांबलेलं पाणी सगळीकडे एका पातळीत असतं. दारं बंद होती तेव्हा उघाडीपासून पाड्यापर्यंत ते एकच तळं होतं. म्हणजे गुणाबाईंच्या भिंतीवरचा तेरा सालचा पट्टा आणि ही रेघ समान उंचीवर असायला हवी. मेघालीने तिपाईवर दुर्बीण बसवली, तिच्या जोडीदाराने आकड्यांची उंच पट्टी धरली, आणि पाड्यापासून उघाडीपर्यंत, सात वेळा तिपाई हलवत, ते मोजत आले. दोन तास लागले. जेवायची वेळ टळली तरी लोक घरी गेले नाहीत, सगळा घोळका तिपाईमागे चालत होता. भूपेश सर्वांत पुढे.

शेवटची पट्टी नव्या रेघेवर लागली. मेघालीने वहीत आकडेमोड केली. चष्मा काढून पुसला. पुन्हा केली. मग वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "वहिनी, तुम्ही एकदा वजाबाकी करून बघा. माझं काही चुकतंय का?"

मी केली. चुकत नव्हतं. फरक आठ मिलिमीटरचा होता. नखाएवढा.

तो आकडा मी मोठ्याने वाचला. भूपेशनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. गुणाबाई घराकडे, मग भिंतीकडे, मग बाबांच्या हाताकडे पाहत राहिल्या. अकरा वर्षं त्या माणसाने ते पाणी अंगावर तसंच, त्याच उंचीवर धरून ठेवलं होतं.

देवेश नऊ दिवस वडिलांशी बोलला नाही. घरात चमच्यांचा आवाज तेवढा व्हायचा. दहाव्या दिवशी सकाळी तो उघाडीवर गेला. मी चहा घेऊन मागून पोचले तेव्हा दोघं बांधावर बसले होते.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू इचारलं न्हायस. मी सांगितलं न्हाय. दोगंबी चुकलो."

"लोक काय म्हणतील याची मला चिंता नव्हती," देवेश म्हणाला. "गुणामावशी रोज सकाळी माझं ऑफिस झाडतात. अकरा वर्षं. एका शब्दाने बोलल्या नाहीत." बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी चहा गार होऊ दिला.

डंपर रद्द झाले. तीन एकर खाचर तसंच खोल ठेवायचं ठरलं. गोदामाची मागची भिंत पाडून आत घेतली, गटार फोडलं आणि मागच्या अंगणातून नाल्याला बारा हात वाट दिली. ट्रक आता पुढे, दाटीवाटीने उभे राहतात, ड्रायव्हर कुरकुरतात. आणखी दोघा गोदामवाल्यांनी आपले पाइप काढून नाला उघडा केला. भूपेशनी अजून काही केलेलं नाही, पण मेघालीला बोलावून मोजून मात्र घेतलंय. रंगाईवाल्याविरुद्ध अर्ज गेला आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही.

या जुलैत अवसेला सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी सगळं गाव बांधावर. खाडी चढत आली, दारं धडधडत बंद झाली, आणि मग ते दृश्य मी पहिल्यांदा नीट पाहिलं. चार बोटं जाडीच्या फळ्या. त्यांच्या बाहेर राखाडी, खारं पाणी, पुरुषभर उंच, तिवरांच्या शेंड्यांपर्यंत. आत तांबडं, गोडं पाणी, टेकडीवर सकाळी पडलेलं. दोन्ही एकमेकांना रेटत होती आणि मधे फळ्या कण्हत होत्या. बाबा एका फळीवर तळवा ठेवून उभे, जनावराला थोपटावं तसे.

आतलं पाणी वाढत गेलं आणि आमच्या तीन एकरांत शिरलं. सावकाश पसरलं, थांबलं. बगळे उतरले. मी पाड्याकडे बघत होते. तिकडून एक बाई हात हलवत ओरडली, "उंबऱ्याला लागलं! आत न्हाय!"

दोन वाजून वीस मिनिटांनी फळी थरथरली. "फिरलं," बाबा म्हणाले. खाडी उतरत गेली तशी दारं आधी एक बोट उघडली, मग वीतभर, आणि मग एवढ्या गर्जनेने पाणी बाहेर पडलं की पायाखालचा बांध हादरला. सात किलोमीटरची सगळी जमीन, सगळ्या धारा, सगळं सकाळचं आभाळ त्या दोन भिंतींमधून समुद्राला निघालं होतं. तीन तास ते जात होतं. मेघाली यंत्र छातीशी धरून बघत होती, वाचायचं विसरून. गुणाबाई भिजत आल्या, बाबांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "दादा, चूल कोरडी हाय!"

गेल्या महिन्यात पूर्णाहून दोन माणसं आली. त्यांच्याकडे गोदामांच्या मागे दर पावसात पाणी तुंबतं, जुना ओहोळ कुठं होता ते कुणालाच सांगता येत नाही. बाबांनी लगेच चपला घातल्या. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. तिथं नुसतं सिमेंट, रांगेने उभे कंटेनर आणि डिझेलचा वास. बाबा कंटेनरांच्या मधून हळूहळू चालत राहिले. कधी उभे राहायचे, कधी भिंतीच्या मुळाशी उगवलेलं, ओल असेल तिथंच येणारं लव्हाळं बघायचे. एका ठिकाणी थांबले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, गाडी जरा आगे लो."

ट्रक हलला. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पायाने जमिनीवर दोनदा आपटलं. मग माझ्याकडे बघून हसले.

"हाय," म्हणाले. "हितंच हाय. खाली अजून वाहतंय."